लेखक, ताक आणि झाडाचं पान : लिहिण्यावाचण्याचे हंगेरियन शब्द

दुनाकाठ

नमस्कार मंडळी. मैत्रिणीची मुलगी सप्टेंबरात हंगेरीतल्या सेगेद शहरात वैद्यकीय शिक्षणासाठी येते आहे. पोरीला वाचनाचं वेड. "मावशी, लेखक, पुस्तकं, लिहिणं ह्यातले इंग्रजी शब्द आणि त्यांचे हंगेरियन अर्थ अशी एक यादी करून दे ना," असं तिने फोनवर सांगितलं. मी एका रविवारी बसून यादी केलीसुद्धा. चाळीस शब्द, दोन रकाने. ऑथर म्हणजे सॅर्झो, रायटर म्हणजे ईरो, पोएट म्हणजे कोल्तो, पब्लिशर म्हणजे किऑदो. पाठवण्याआधी एकदा वाचून पाहिली आणि हात थांबला. ह्यातला एकही शब्द मी स्वतः असा शिकले नव्हते. आठ वर्षं बुडापेस्टमध्ये आहे, हे शब्द मला दुकानात, दारावरच्या पाट्यांवर, ग्रंथालयात भेटले, आणि बहुतेक वेळा इंग्रजीची वाट सोडून मराठीकडे वळले तेव्हाच ते मनात बसले. ते सगळं इथे लिहिते आहे. तुमच्याकडे भर असेल तर घाला, यादी त्यातूनच नव्याने करीन.

'ईर' म्हणजे लिहिणं. त्याला 'ओ' जोडला की ईरो, लिहिणारा. 'ओलवॉश' म्हणजे वाचणं, ओलवॉशो म्हणजे वाचक. 'फोर्दीत' म्हणजे वळवणं, उलटं करणं. फोर्दीतो म्हणजे अनुवादक. आपला 'णारा' कुठल्याही धातूला लागतो तसाच हा 'ओ'. इंग्रजीत ऑथर, पोएट, एडिटर, ट्रान्सलेटर हे चार वेगवेगळ्या घरांतून आलेले पाहुणे वाटतात. हंगेरियनमध्ये एकदा क्रियापद कळलं की माणूस आपोआप कळतो.

आणि हाच ईरो मला पहिल्यांदा भेटला तो दुधाच्या फडताळात. दही, सायीचं आंबट दही, त्याच्या शेजारी एक साधा कागदी डबा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत 'ईरो'. तोवर मला ह्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक होता. घरी आणून ओतलं तर ताक! लोणी काढल्यावर उरतं तेच. लिहिणारा ईरो आणि ताकाचा ईरो हे मुळात दोन वेगळे शब्द, रूप मात्र हुबेहूब एक. त्या दिवशी मी त्यात जिरं आणि मीठ घालून प्यायले. हा शब्द आता मरेपर्यंत विसरणार नाही.

किऑदो म्हणजे प्रकाशक. 'कि' बाहेर, 'ऑद' देणं. जो बाहेर देतो तो. पण शहरभर घरांच्या दारांवरही 'किऑदो' लिहिलेलं दिसतं, कारण भाड्याने द्यायच्या जागेलाही तोच शब्द. आपल्याकडे 'जागा भाड्याने देणे आहे' अशी पाटी असते, तसं. दोन्हीकडे मूळ क्रिया देण्याचीच.

कोल्तो म्हणजे कवी. 'कोल्त' ह्या रूपाचे अर्थ पाहा: कविता रचणं, पैसे खर्च करणं, पक्ष्याने अंडी उबवणं, आणि कुणाला झोपेतून उठवणं. कोशकार ह्यांतल्या कुणाचं मूळ एक आणि कुणाचं वेगळं हे ठरवतील. मला मात्र 'उबवणं' आणि 'जागं करणं' हे कवितेच्या शेजारी बसलेले पाहून फार बरं वाटलं.

आणखी एक जोडी सांगते आणि थांबते. 'सो' म्हणजे शब्द, 'तार' म्हणजे साठवणीची जागा, कोठार. सोतार म्हणजे शब्दकोश. आपलाही शब्द अगदी तसाच बांधलेला, शब्दांचा कोश. 'किंच' म्हणजे खजिना, म्हणून सोकिंच म्हणजे शब्दसंपत्ती. 'कोन्यव' म्हणजे पुस्तक, कोन्यवतार म्हणजे ग्रंथालय. इंग्रजीत डिक्शनरी, व्होकॅब्युलरी, लायब्ररी हे तिन्ही वेगवेगळे पाठ करावे लागतात. मराठी माणसाने ते पाठ कशाला करायचे? जोड सोडवून बघितली की झालं.

शेवंती०७

मीच ती सेगेदला जाणारी! मावशी, आईने धागा दाखवला म्हणून इथे सदस्य झाले. उच्चाराचं काय करायचं? पुस्तकात रोमन अक्षरं बघून मी सगळं चुकीचं वाचते आहे असं वाटतं.

दुनाकाठ

ये बाळा. थोडक्यात सांगते. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर, ह्याला अपवाद नाही. रोमन 'एस' एकटा दिसला तर 'श', 'एस' आणि 'झेड' जोडीने आले तर 'स'. म्हणून शहराचं नाव तिथले लोक 'बुदॉपॅश्त' म्हणतात, आणि तुझं शहर 'सॅगॅद'. साधा रोमन 'ए' हा तोंड गोल करून म्हणायचा, आपल्या 'ऑ'जवळ. डोक्यावर रेघ असेल तरच 'आ'.

तुला एक मोठा फायदा आहे. 'त्सीम' ह्या शब्दाचा पहिला उच्चार इंग्रजी शिकलेल्यांना जड जातो, पण आपण 'चाक' म्हणतो त्यातला 'च' तोच आहे. आणि 'सोकिंच'मधला 'च' म्हणजे 'चार'मधला. आपल्याकडे दोन्ही 'च' एकाच अक्षराने लिहितात, त्यांच्याकडे त्यांना वेगळी चिन्हं आहेत. जिभेला दोन्ही येतातच. जड जाईल तो 'कोल्तो'मधला ओ. ओठ 'ओ'सारखे गोल ठेव आणि आतून 'ए' म्हण. नागरीत तो नीट लिहिता येत नाही, म्हणून मी सरळ ओ लिहिते आहे.

त्सीमचे अर्थही लिहून ठेव: पुस्तकाचं शीर्षक आणि घराचा पत्ता, दोन्ही. अर्ज भरताना लागेल.

खिळेजुळारी

ताई, धागा मनापासून आवडला. मी एकतीस वर्षं छापखान्यात काढली, त्यातली पहिली चौदा खिळे, म्हणजे छापायची धातूची अक्षरं, जुळवण्यात. कोल्हापूर, मग मिरज. त्यामुळे लेखकांपेक्षा माझा जीव छापणाऱ्यांत. हस्तलिखित, खर्डा, मुद्रितं, बांधणी ह्या शब्दांना तिकडे काय म्हणतात ते लिहाल का?

एक सांगावंसं वाटतं. तुमच्या ताकावरून आठवलं. आमच्या वडिलांच्या पिढीत लेखणीला टाक म्हणत. दौत आणि टाक. शाळेत बाईंनी शुद्धलेखनात 'टाक' घातला की निम्मी पोरं 'ताक' लिहीत. आणि 'खर्डा' तर आमच्याकडे दोन ठिकाणी असतो, मास्तरांच्या दप्तरात आणि भाकरीवर. कच्चा मसुदा तो खर्डा आणि हिरव्या मिरचीचा ठेचा तोही खर्डा.

दुनाकाठ

काका, तुमच्या शब्दांना तिकडे फार सुंदर जोड आहे.

हस्तलिखित म्हणजे केझिरॉत. 'केझ' हात, 'इरॉत' लिहिलेलं. शब्दाला शब्द.

खर्डा म्हणजे पिस्कोझॉत. 'पिसोक' म्हणजे मळ, घाण. खाडाखोडीने मळलेला कागद. आणि पक्की प्रत म्हणजे तिस्ताझॉत. 'तिस्तॉ' म्हणजे स्वच्छ. आपण कच्चं-पक्कं म्हणतो, ते मळकं-स्वच्छ म्हणतात. ईमेलमध्ये न पाठवलेली पत्रं ज्या कप्प्यात पडतात तिथेही पिस्कोझॉतच लिहिलेलं असतं, म्हणजे शब्द जुन्या वहीत पडून राहिलेला नाही.

बांधणीचा शब्द मात्र मला सगळ्यांत प्रिय आहे. 'कोत' म्हणजे बांधणं, गाठ मारणं, आणि स्वेटर विणणं. त्यातून 'कोतॅत' म्हणजे ग्रंथाचा खंड किंवा कवितासंग्रहाचं पुस्तक. आता आपला 'ग्रंथ' बघा. तोही गुंफणं, गाठणं ह्याच धातूतून आलेला; ग्रंथी म्हणजे गाठ तीच. ताडपत्रांना भोक पाडून दोरा ओवायचा आणि गाठ मारायची, हे आपल्या शब्दात राहून गेलं. हंगेरियन माणूस कोतॅत म्हणतो तेव्हा त्याच्याही कानात गाठ असते.

आणि छापणं म्हणजे न्योमतॉत. छापखाना न्योमदॉ. ह्याच न्योमतॉतचा जुना अर्थ म्हणजे खळ्यावर जनावरं फिरवून धान्याची मळणी करणं! 'न्योम' म्हणजे दाबणं, तुडवणं. तिकडे घोडे फिरवत. म्हणही आहे त्यांची, मळणीच्या घोड्याचं तोंड बांधत नाहीत.

खिळेजुळारी

हे वाचून उठलोच जागेवरून. आमच्या गावी खळ्याच्या मधोमध तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात धरायचे. मी लहानपणी पातीमागून चाललो आहे. पुढे छापखान्यात ट्रेडलवर पाय मारताना कधी वाटलं नव्हतं की ही दोन्ही कामं एका शब्दात मावतील. पायाने दाबायचं आणि दाणा मोकळा करायचा. धन्यवाद ताई.

माडाखाली

गोव्यातून लिहितो. तुमच्या 'ओ' प्रत्ययासारखं आमच्या कोंकणीत 'पी' आहे. बरोवप म्हणजे लिहिणं, बरोवपी म्हणजे लेखक. वाचप, वाचपी. क्रियापदाला टेकून माणूस उभा करायचा. मराठीत आपण 'लेखक', 'वाचक' संस्कृतातून घेतले, त्यामुळे 'लिहिणारा' मागे पडला.

छापखान्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. आशियातला युरोपीय पद्धतीचा पहिला छापखाना 1556 साली जुन्या गोव्यात सेंट पॉलच्या कॉलेजात लागला. हंगेरीत बुदॉ शहरात 1473 मध्येच छपाई झाली होती, हॅश्श ऑन्द्राश ह्या मुद्रकाने हंगेरियनांचा इतिहास लॅटिनमध्ये छापला. दोन्हीकडे आधी परक्या भाषेत मजकूर छापला गेला, देशी भाषा नंतर आली. थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण मराठीत होतं तरी 1616 मध्ये रायतूरला छापताना रोमन लिपी वापरावी लागली, नागरी खिळे नव्हते.

रानवारा

इतकी साम्यं! सोतार-शब्दकोश, केझिरॉत-हस्तलिखित, कोतॅत-ग्रंथ. मला तर वाटतं हंगेरियनचं मूळ संस्कृतातच असणार. हूण आपल्याकडेही आले होते ना?

अर्धविराम

रानवारा, उत्साह समजतो, पण इथे थांबू या. हंगेरियन ही युराल कुळातली भाषा. फिनिश, एस्टोनियन ह्या तिच्या दूरच्या बहिणी, आणि सायबेरियातल्या खांती आणि मान्सी ह्या जवळच्या. मराठी इंडो-युरोपीय. दुनाकाठ ह्यांनी दिलेल्या जोड्यांत एकही शब्द दुसऱ्यापासून आलेला नाही. शब्द वेगळे, त्यांच्यामागची कल्पना सारखी. लिहायला हात लागतो, पानं सुटी राहू नयेत म्हणून बांधावी लागतात, आणि शब्द साठवून ठेवायची माणसाला इच्छा असते. हे अनुभव दोन्हीकडचे, म्हणून जोडही सारखी. एवढंच पुरेसं मोठं नाही का?

तुम्ही म्हणता तसं नातं शोधायला एक हंगेरियन माणूस खरोखर इकडे आला होता. कोरोशी चोमॉ शान्दोर. आपल्या लोकांचं मूळ आशियात कुठेतरी सापडेल ह्या ध्यासाने निघाला, बरीचशी वाट पायी चालत 1822 मध्ये लडाखला पोचला. पुढे झांस्करमध्ये झांगला इथल्या थंडीत एका लामाजवळ बसून तिबेटी शिकला. नातं काही सापडलं नाही. पण 1834 मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश आणि तिबेटी व्याकरण प्रसिद्ध झालं, आणि पश्चिमेकडे तिबेटी भाषेचा अभ्यास त्यावर उभा राहिला. पुन्हा प्रवासाला निघाला असताना 11 एप्रिल 1842 ला दार्जिलिंगमध्ये हिवतापाने गेला. कबर तिथेच आहे. कुळ शोधायला निघालेला माणूस सोतार करून गेला. मला हा माणूस फार जवळचा वाटतो.

रानवारा

मान्य. चोमॉबद्दल पहिल्यांदाच वाचलं. दार्जिलिंगला दोनदा गेलो आहे, तिसऱ्यांदा जाईन तेव्हा कबरीवर जाऊन येईन.

दुनाकाठ

अर्धविराम, अगदी नेमकं बोललात. आणि 11 एप्रिल! हंगेरीत त्या दिवशी कवितादिन असतो, कारण योझॅफ ऑत्तिलॉ ह्या कवीचा जन्म 11 एप्रिल 1905 चा. आपण कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो तसाच. मागे एका वर्षी त्या दिवशी आमच्या भागातल्या बेकरीत पावाच्या पिशवीत कवितेची चिठ्ठी टाकून देत होते. माझ्या वाट्याला आलेली चिठ्ठी अजून फ्रिजवर आहे.

राष्ट्रगीताचंही तसंच. कोल्चॅई फॅरॅन्त्स ह्याने त्याच्या कवितेच्या हस्तलिखितावर 22 जानेवारी 1823 ही तारीख घातली होती, म्हणून 22 जानेवारी हा हंगेरियन संस्कृतीचा दिवस. एका केझिरॉतवरची तारीख देशाने उचलली.

अबोली_न

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. दोन हंगेरियन कादंबऱ्या इंग्रजीमार्फत केल्या आहेत, त्यामुळे हा धागा काल रात्री दोनदा वाचला.

'फोर्दीत' म्हणजे वळवणं हे वाचून हिंदीतला जुना 'उल्था' आठवला, त्याचा अर्थ अनुवादच. आणि आपलं उलथणं. तव्यावरचं धिरडं उलथताना एक बाजू खाली जाते, ती करपू द्यायची नसते. गेली वीस वर्षं मी हेच करते आहे.

माझा प्रश्न सर्वनामाचा. हंगेरियनमध्ये 'तो' आणि 'ती' ला एकच शब्द आहे असं ऐकलं आहे. इंग्रजी अनुवादकाने 'ही' किंवा 'शी' निवडलेलं असतं आणि मी त्याच्यामागून जाते. मूळ लेखकाने काय लपवलं होतं ते मला कळतच नाही.

दुनाकाठ

हो, एकच शब्द, 'ओ' (तो कोल्तोमधलाच ओ). लिंगच नाही भाषेत. ईरो म्हणजे लेखकही आणि लेखिकाही. मुद्दाम सांगायचं असेल तर 'नो', म्हणजे बाई, जोडून 'ईरोनो', 'कोल्तोनो' म्हणतात. पण कितीतरी लेखिकांना तो जोड नको असतो, नुसतं ईरो म्हणवून घेणं त्या पसंत करतात. आपल्याकडे 'कवयित्री' ऐवजी 'कवी' म्हणा असं म्हणणाऱ्या आहेत, तसं.

खरी अडचण प्रथमपुरुषी निवेदनात होते. 'मी' बोलणारा बाई आहे की पुरुष हे हंगेरियन लेखक दोन प्रकरणं सहज झाकून ठेवू शकतो. मराठीत पहिल्याच वाक्यात 'मी गेलो' किंवा 'मी गेले' करावं लागतं, आणि गुपित फुटतं.

अबोली_न

ह्यावर थोडं सांगते, कारण हे मी एकदा करून पाहिलं आहे. इंग्रजीतली एक कथा होती, निवेदक कोण ते शेवटच्या पानावर उघड होणार. मी चौदा पानं 'गेलो-गेले' शिवाय लिहिली. मराठीतच त्याची सोय आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतलं की ते कर्माप्रमाणे चालतं: मी दार उघडलं, मी पत्र वाचलं, मी खुर्ची ओढली. ह्यात 'मी' कोण ते कळत नाही. 'मला वाटलं', 'मला दिसलं', 'माझ्या लक्षात आलं' हेही चालतं. भविष्यकाळ मोकळाच आहे, 'मी येईन'. फक्त वर्तमानकाळ टाळायचा, आणि चालणं, बसणं, उठणं, येणं, जाणं ही क्रियापदं टाळायची. माणूस खोलीत आला हे सांगायला मी लिहिलं, 'उंबरठ्यावर माझं पाऊल पडलं.' पहिल्या दोन पानांना आठवडा लागला, मग हाताला वळण पडलं. असा अनुवाद इंग्रजीत कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण मराठी वाचकाला त्यात काहीतरी वेगळं ऐकू येतं.

कादंबरीला काय म्हणतात ते राहिलं.

दुनाकाठ

अबोलीताई, हे चौदा पानांचं काम ऐकून थक्क झाले.

कादंबरी म्हणजे रॅगेन्य, 'रॅगॅ' म्हणजे जुनी आख्यायिका, त्याच्याशी नातं असलेला. इथे सगळ्या नवशिक्यांना एक जागा सांभाळावी लागते. इंग्रजीत नॉव्हेला म्हणजे लघुकादंबरी. हंगेरियनमध्ये 'नोवॅल्लॉ' म्हणजे कथा, साधी दहा-वीस पानांची. लघुकादंबरीला 'किश्रॅगेन्य', म्हणजे छोटी कादंबरी. शेवंती, इंग्रजी यादीवर विसंबून चुकायची हीच जागा. तसंच 'वॅर्श' म्हणजे कवितेची ओळ नव्हे, अख्खी कविता. ओळ म्हणजे 'शोर', आणि आपल्या ओळीसारखीच ती दुकानाबाहेरही लागते.

'ओनेलॅत्रॉय्झ' म्हणजे आत्मचरित्र. स्वतः, आयुष्य, चित्र असे तीन तुकडे. पण नोकरीच्या अर्जासोबत मागतात तेव्हा त्याचा अर्थ दोन पानी माहितीपत्रक.

अर्धविराम

रॅगेन्य आणि 'इरोदॉलोम', म्हणजे साहित्य, हे दोन्ही शब्द फार जुने नाहीत. अठराव्या शतकाच्या शेवटी आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला हंगेरीत भाषा नव्याने घडवण्याची चळवळ झाली. कारभार लॅटिन आणि जर्मनमध्ये चालायचा, ज्ञानाचे शब्द हंगेरियनमध्ये नव्हते. कॉझिन्त्सी फॅरॅन्त्स हा त्या चळवळीचा म्होरक्या. 1794 मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात पकडला गेला, 1801 मध्ये सुटला, आणि उरलेलं आयुष्य पत्रं लिहून लिहून देशभरच्या लेखकांना शब्दांच्या कामाला जुंपत राहिला. हजारो शब्द बनले. विरोधही कडवा झाला. बरेच शब्द मेले, पण उरले ते आज इतके घरचे झाले आहेत की बनवलेले आहेत हे सांगावं लागतं. सावरकरांचे दिनांक, महापौर, चित्रपट आज आपल्याला असेच वाटतात.

माडाखाली

'साहित्य' हा शब्द मात्र मराठीत विलक्षण आहे. बायकोच्या पाककृतीच्या वहीत प्रत्येक पानावर आधी 'साहित्य', मग 'कृती'. आणि साहित्यकृती म्हणजे पुस्तक!

दुनाकाठ

अहो, ह्यालाही तिकडे भाऊ आहे! 'म्यू' म्हणजे कृती, कलाकृती. रॅमॅकम्यू म्हणजे श्रेष्ठ कृती, म्यूफोर्दीतो म्हणजे साहित्याचा अनुवादक. आणि हाच म्यू 'म्यूऑन्यॉग' मध्ये आहे, म्हणजे प्लास्टिक, कारण म्यूचा दुसरा अर्थ नैसर्गिक नसलेलं, माणसाने केलेलं. आपल्याकडे कृती आणि कृत्रिम एकाच धातूचे. कुणी कादंबरी लिहिली काय आणि प्लास्टिक बनवलं काय, 'केलं' हे खरं.

शेवंती०७

मावशी, पत्राला काय म्हणतात? आजी म्हणते, तिकडून पत्र लिही, फोन नको.

दुनाकाठ

आजीला सांग, तिने बरोबर शब्द मागितला. पत्र म्हणजे 'लॅवेल'. आणि लॅवेल म्हणजे झाडाचं पान. आपला 'पत्र' सुद्धा तोच ना, बेलपत्र, ताडपत्र, तुळशीपत्र. पानावर लिहून पाठवलं म्हणून पत्र. आणि पुस्तकाचंही पानच. जुनी कागदपत्रं जपून ठेवतात त्या संस्थेला 'लॅवेलतार' म्हणतात, पत्रांचं कोठार.

मी ज्या साबो ॲर्विन ग्रंथालयात जाते ते एका जुन्या सरदारी वाड्यात आहे, कोरीव लाकडी खोल्यांत लोक अभ्यासाला बसतात. तिथे घेतलेल्या एका जुन्या कवितासंग्रहात मला दोन लॅवेल एकदम सापडले होते. कुणाचं तरी न पाठवलेलं चार ओळींचं पत्र, आणि त्याच्याच घडीत ठेवलेलं, वाळून तपकिरी झालेलं लिंडनचं पान. काउंटरवरच्या बाईंना दाखवलं. त्यांनी पाहिलं, परत होतं तसंच आत ठेवलं आणि पुस्तक माझ्या नावावर चढवून दिलं.

अबोली_न

यादी आता दोन रकान्यांत मावणार नाही, ताई.

दुनाकाठ

नाहीच मावणार. इंग्रजी, हंगेरियन, आणि तिसरा रकाना 'घरातली जोड' असा करते. ईरोसमोर ताक, पिस्कोझॉतसमोर खर्डा, लॅवेलसमोर बेलपत्र. आणि काका, तुमचा स्वतःचाच शब्द राहिला होता. खिळे जुळवणाऱ्याला 'बॅत्यूसॅदो' म्हणतात. 'बॅत्यू' अक्षर, 'सॅद' म्हणजे वेचणं, फुलं वेचतात तसं. झाडावरची फळं काढणं, औषध चालू असणं, सगळ्याला 'सॅद'च. शेवंतीला दवाखान्यात हा शब्द रोज लागेल: कुठली औषधं 'सॅद'ता?

खिळेजुळारी

अक्षरं वेचणारा. बरोबर आहे त्यांचं. लोकांना वाटतं आम्ही फक्त जुळवत होतो. आधी वेचावं लागायचं. समोर केस, त्यात शेकडो खण, नागरीची जोडाक्षरं धरून इतके खण की वरच्यांसाठी टाचा उचलाव्या लागत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात खणांत. 'र' आणि काना सगळ्यांत जवळ, कारण ते सारखे लागतात. 'ङ' लांब कोपऱ्यात. वाङ्मय शब्द आला की हात तिकडे जायचा, तेवढीच खांद्याला विश्रांती. मजकुराकडे डोळे असायचे, खणांकडे कुणी बघत नसे. आता हात थरथरतो, पण डोळे मिटून बसलो तर कुठला खिळा कुठे ते अजून सांगेन. सॅदो हा शब्द आज माझ्या वहीत लिहून घेतला.